ड्रोन उडवण्यापूर्वीची तयारी, आणि पुन्हा पुन्हा परतीची उंची

बॅटऱ्या, रिमोट आणि मोबाइल चार्ज करणे, मेमरी कार्ड घालणे, गिम्बलवरचे (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेवरचे) झाकण काढणे या गोष्टी यादीत असतातच. त्या विसरल्या तर फार तर त्या दिवशीचे चित्रीकरण बुडते. जी बाब विसरल्यावर उड्डाण सुरळीत सुरू होते आणि ड्रोन मात्र परत येत नाही, ती म्हणजे परतीची उंची, अर्थात ‘रिटर्न टू होम’साठी अ‍ॅपमध्ये नोंदवलेला आकडा. मोकळ्या माळासाठी ठेवलेली ३० मीटरची उंची उंच झाडांच्या उतारावर मी तशीच राहू दिली होती. संपर्क तुटला आणि ड्रोन दिलेली आज्ञा तंतोतंत पाळत थेट झाडात शिरला. त्यामुळे पुढील मजकुरात ही एकच बाब वारंवार येईल, आणि ती वगळून वाचू नये.

रिमोटशी संपर्क तुटला, बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली किंवा आपण स्वतः परतीचे बटण दाबले, की बहुतेक कॅमेरा ड्रोन आधी नोंदवलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतात, त्या उंचीवरून होम पॉइंटकडे, म्हणजे परतीसाठी नोंदवलेल्या जागेकडे, सरळ रेषेत येतात आणि तेथे उतरतात. वाटेत काय आहे याची पूर्वकल्पना त्यांना नसते. अडथळे ओळखणारे सेन्सर असले तरी बारीक फांद्या, तारा आणि अंधुक प्रकाश यांपुढे ते चालतीलच असे नाही, आणि अनेक स्वस्त ड्रोनना ते सर्व बाजूंनी नसतातच. सेन्सर आहेत म्हणून आकडा पाहिला नाही, हे समर्थन तुटलेल्या गिम्बलपुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की ही उंची उड्डाण केलेल्या जागेपासून मोजली जाते, ड्रोनखालच्या जमिनीपासून नव्हे. आपण पायथ्याशी उभे आहोत, मधला कडा आपल्यापेक्षा ६० मीटर उंच आहे आणि त्यावर १५ मीटरची झाडे आहेत असे समजा. तेव्हा परतीची उंची ६० ठेवणारा माणूस ड्रोन कड्याच्याच अंगावर आणून घालतो. तेथे ७५ मीटरही अपुरे, कारण वायुदाबावरून काढलेल्या उंचीत थोडा फरक पडतोच; १५ ते २० मीटरची सूट ठेवून ९० किंवा ९५ हा आकडा धरावा. अ‍ॅपमधील कमाल उंचीची मर्यादा त्यापेक्षा कमी ठेवलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. उलट, भीतीपोटी प्रत्येक ठिकाणी १२० मीटर ठेवणेही शहाणपणाचे नाही. एवढे वर चढण्यात बॅटरी जाते आणि वर वारा बहुधा अधिक असतो.

आजूबाजूची उंची डोळ्यांनी अचूक ठरत नाही. त्यासाठी ड्रोन मोकळ्या जागेत सरळ वर न्यावा, गिम्बल शून्य अंशावर म्हणजे क्षितिजाशी समांतर ठेवावा आणि हळूहळू वर चढत राहावे. ज्या क्षणी झाडाचा किंवा मनोऱ्याचा शेंडा चौकटीच्या बरोबर मध्यरेषेवर येतो, त्या क्षणी ड्रोन त्या शेंड्याच्या उंचीवर असतो. पडद्यावरचा आकडा वाचावा, सूट मिळवावी, आणि परतीची उंची तेथल्या तेथे बदलावी. एका मिनिटाचे काम आहे. आकडा मागच्या ठिकाणचाच राहतो, आपोआप बदलत नाही. म्हणून प्रत्येक नव्या जागी हे नव्याने करावे, ‘मागच्या वेळी ठेवली होती’ असे म्हणू नये.

छताखाली किंवा दाट फांद्यांखाली उडवायचे असेल तर परतीचा विचारच वेगळा करावा लागतो. तेथे संपर्क तुटल्यावर ड्रोन वर चढला तर तो छतावरच आदळेल. म्हणून संपर्क तुटल्यास जागीच तरंगत राहण्याचा पर्याय निवडावा, आणि बाहेर आल्यावर तो न विसरता पूर्ववत करावा. होम पॉइंटही इतकाच महत्त्वाचा आहे. पुरेसे उपग्रह मिळून होम पॉइंट नोंदवला गेल्याची सूचना येईपर्यंत उड्डाण करू नये, आणि तो बिंदू नकाशावर खरोखर आपल्या पायाशी आहे का ते पाहावे. घाईने वर गेल्यास होम पॉइंटची नोंद कोठेतरी हवेत, रस्त्यावर किंवा पाण्यावर होऊ शकते. नावेवरून उडवणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावे, की नाव पुढे जाते आणि होम पॉइंट मागे पाण्यातच राहतो. तो अधूनमधून नव्याने नोंदवावा लागतो.

आता बाकीची तयारी. फर्मवेअर, म्हणजे ड्रोनच्या आतले सॉफ्टवेअर, आदल्या दिवशी घरीच अद्ययावत करावे, मैदानावर मोबाइलच्या दुबळ्या इंटरनेटवर नव्हे. त्या भागात उड्डाणाला परवानगी आहे का, नोंदणी लागते का, हेही आधीच पाहावे. अनेक देशांत जमिनीपासून सुमारे १२० मीटर ही मर्यादा आहे आणि विमानतळांचा परिसर तर टाळायलाच हवा. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या हाताशी ठेवायच्या सामानात न्याव्यात, चेक-इन सामानात टाकू नयेत. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी वापरू नये. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती अंगाजवळ उबदार ठेवावी आणि वर गेल्यावर पहिले मिनिट ड्रोन जागीच तरंगत ठेवावा.

पाती बोटाने चाचपून पाहावीत. कडेला बारीक तडा किंवा खाच असेल तर ते पाते टाकून द्यावे, चिकटवू नये. घड्याळाच्या दिशेने आणि उलट फिरणारी पाती वेगळी असतात, त्यांवरील खुणा मोटरवरील खुणांशी जुळल्या पाहिजेत. उड्डाणाची जागा निवडताना लोखंडी झाकणे, मोटारगाड्या आणि सळया घातलेले काँक्रीट टाळावे, कारण त्याने कंपास बिघडतो. कंपासचे कॅलिब्रेशनही अशा ठिकाणी करू नये. अ‍ॅपने मागितले तर चार पावले दूर मोकळ्या मातीवर जाऊन करावे.

वर गेल्यावर लगेच लांब जाण्याची घाई का होते, ते समजत नाही. आधी दोन-तीन मीटरवर अर्धा मिनिट थांबावे, ड्रोन वाहत नाही ना, मोटरचा आवाज नेहमीसारखा आहे ना, ते पाहावे आणि परतीची उंची पुन्हा एकदा वाचावी. होय, पुन्हा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे. वाऱ्याबरोबर सहज लांब गेलेला ड्रोन येताना समोरच्या वाऱ्याशी झगडतो आणि बॅटरी वाटेतच संपते. ड्रोन डोळ्यांना दिसत राहील एवढ्याच अंतरावर ठेवावा. रिमोटचा अँटेना टोकाने नव्हे, सपाट बाजूने ड्रोनकडे धरावा. विजेच्या तारा पडद्यावर दिसत नाहीत. खांब दिसला की तार आहेच असे धरून चालावे. पाण्यावर फार खाली जाऊ नये, कारण हलत्या पाण्यावर खालचे सेन्सर फसतात. स्पोर्ट मोडमध्ये अडथळ्यांचे सेन्सर बहुतेक ड्रोनमध्ये बंद असतात, हे विसरू नये. लोकांच्या डोक्यावरून ड्रोन नेऊ नये. याला कारण द्यावे लागू नये.

चित्रीकरणाबद्दल थोडेच. व्हिडिओसाठी शटरचा वेग फ्रेमदराच्या सुमारे दुप्पट ठेवावा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद, आणि उन्हात त्यासाठी प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये. स्टिक हळू हलवावी. एकाच दिशेची, दहा सेकंदांची स्थिर हालचाल वेड्यावाकड्या फेऱ्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

बॅटरी ३० टक्के उरली की परत फिरावे. स्वयंचलित परतीवर विसंबून राहू नये, पण ती कधी सुरू झालीच तर गोंधळून स्टिक ओढू नयेत. वाटेतले अडथळे माहीत असल्यास उंची वाढवून ड्रोन आपणच आणावा. खाली उतरताना सरळ आणि वेगाने उतरवू नये, स्वतःच्याच वाऱ्यात ड्रोन डळमळतो. किंचित पुढे सरकत उतरवावा.

उतरल्यावर मोटर थांबेपर्यंत हात लावू नये. बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावावी, आणि बरेच दिवस उडवायचे नसेल तर ती पूर्ण भरून न ठेवता निम्म्याच्या आसपास, प्रत्येक सेलला साधारण ३.८ व्होल्टवर ठेवावी. पाती पुसावीत, झाकण बसवावे, कार्डावरील चित्रण उतरवून घ्यावे.