'द लॉस्ट अँड डॅम्ड' कसा खेळावा: एकट्याने नव्हे, ताफ्यातून

'जीटीए ४' हा व्हिडिओ गेम संपवून त्याच्या 'द लॉस्ट अँड डॅम्ड' या जोडकथेकडे वळणारे बरेच जण इथला नायक जॉनी क्लेबिट्झलाही मूळ गेमच्या निकोसारखेच चालवतात. एकटेच, सुसाट, वाट फुटेल तिकडे. फेब्रुवारी २००९मध्ये आलेल्या या जोडकथेत ती सवय नडते. जॉनी 'द लॉस्ट' या मोटरसायकल क्लबचा उपाध्यक्ष आहे आणि खेळाची बरीचशी बक्षिसे सोबत्यांना धरून राहणाऱ्याच्याच पदरात पडतात.

१. आवृत्ती निवडा

सुरुवातीला ही कथा फक्त एक्सबॉक्स ३६० या गेमिंग कन्सोलवर आली आणि तिच्यासाठी मूळ गेम जवळ असावा लागे. आता पीसीवर 'कम्प्लीट एडिशन' घेतली की मूळ गेम आणि दोन्ही जोडकथा एकत्र मिळतात. ऑनलाइन खेळण्याची सोय मात्र २०२०मध्ये काढून टाकली आहे, तेव्हा त्या आशेने पैसे घालू नका. शिव्या, अमली पदार्थ, नग्नता, सगळेच यात आहे. हा खेळ १८ वर्षांवरच्यांसाठीच.

निकोची कथा आधी खेळावी का? माझ्या मते हो. संग्रहालयातला हिऱ्यांचा सौदा एकदा निकोच्या बाजूने पाहिलेला असला की जॉनीच्या बाजूने पाहताना वेगळीच गंमत येते.

२. ताफ्यात आपली जागा धरा

पहिल्याच मोहिमेत अध्यक्ष बिली ग्रे व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर येतो आणि सगळे मिळून निघतात. आता रस्त्यावर नीट बघा. पुढच्या गाडीमागे क्लबचे चिन्ह उमटलेले दिसेल. त्या चिन्हावर गाडी ठेवून चालत राहिलात की जॉनीची तब्येत आणि गाडीची मोडतोड, दोन्ही हळूहळू भरून निघतात. शिवाय सोबत्यांच्या गप्पा रंगतात. बिली आणि जॉनी यांच्यात नेमके काय धुमसतेय, ते अर्धेअधिक त्या गप्पांतूनच कळते. पुढे निघून जाणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही.

यासाठी वेग जुळवणे एवढेच जमायला हवे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरू नका, सोडत-दाबत राहा. वळणावर पुढच्याच्या आधी वेग कमी करा, नाहीतर सरळ त्याच्या मागच्या चाकावर जाल. जॉनीची हेक्सर ही मोटरसायकल लांबलचक असली तरी मूळ गेममधल्या मोटरसायकलींपेक्षा इथल्या गाड्या रस्त्याला चिकटून चालतात, बारीकशा धक्क्याने माणूस हवेत उडत नाही. त्यामुळे खेटून चालायला घाबरण्याचे कारण नाही.

३. फोन वापरा

गाडी गेली की क्ले सायमन्सला फोन लावा, तो मोटरसायकल आणून देतो. शस्त्रे हवी असतील तर टेरी थॉर्प. चालत्या गाडीवरून झाडायला आखूड नळीची शॉटगन उत्तम, फक्त अंतर कमी ठेवा. लांबून ती कुचकामी आहे.

मोहीम फसली तरी सगळे पहिल्यापासून करावे लागत नाही, मधल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करता येते. मूळ गेममध्ये ही सोय नव्हती आणि तिथे किती लांबलचक रस्ते पुन्हापुन्हा कापावे लागायचे, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको.

४. टोळीयुद्धे लवकर सुरू करा

बरेच जण ही शेवटासाठी राखून ठेवतात. मला ते पटत नाही. लढाईतून जिवंत परतणारे सोबती हळूहळू कणखर होत जातात, मरणाऱ्यांच्या जागी नवखे येतात. म्हणजे आधी केलेल्या टोळीयुद्धांचा फायदा पुढच्या अवघड मोहिमांत होतो. नकाशावरच्या खुणेपाशी गेलात की सोबती जमतात. लढताना मात्र सगळ्यात पुढे घुसू नका. आडोसा घ्या आणि सोबत्यांवर गोळ्या झाडणाऱ्यांना आधी टिपा. शत्रूंचा ताफा पळत असेल तर ग्रेनेड लाँचरने पुढची गाडी उडवा.

५. शर्यती

इथे हातात बेसबॉलची बॅट असते आणि शेजारच्याला तिने हाणणे नियमातच बसते. सुरुवातीच्या गर्दीत बॅट फिरवण्याच्या नादी लागू नका. थोडे मागे राहा, एकेकट्याला गाठून पाडा आणि वळणाआधी हात आवरा. सगळे शंभर टक्के करायचेच असेल तर शहरभर विखुरलेले ५० सीगल पक्षीही मारावे लागतात. ते काम नकाशा शेजारी उघडा ठेवूनच करा.