नेस्टेड लूप काढून कॉलम जोडताना या चुका टाळा

दोन टेबलं आणि त्यांचे कॉलम जोडायला एकात एक घातलेले दोन फॉर लूप. पायथनमध्ये डेटावर काम सुरू करणाऱ्यांचा पहिला कोड बहुधा असाच असतो, आणि लहान डेटावर तो चालतोही. पण दोन्ही टेबलांत दहा-दहा हजार रो आल्या की आतली तुलना 10 कोटी वेळा करावी लागते. पांडाज या पायथनच्या डेटा लायब्ररीत हेच काम एका ओळीत होतं, म्हणून लूप काढायलाच हवा. फक्त एक लक्षात घ्या. जागा रिकामी असली तर काय, जोडी सापडली नाही तर काय, दोन सापडल्या तर कोणती घ्यायची, हे सगळं तुमच्या लूपने ठरवलेलं असतं. लूप गेला की हे निर्णय पांडाज आपल्या नियमाने घेतं, आणि बरेचदा एररही देत नाही.

ॲप्लाय म्हणजे लूपच

ॲक्सिस 1 देऊन ॲप्लाय (प्रत्येक रोवर फंक्शन चालवणारी सोय) लिहिलं की कोड आखूड दिसतो, पण आत प्रत्येक रोसाठी तुमचं फंक्शन चालतच राहतं. नाव आणि आडनाव जोडायचं असेल तर दोन्ही कॉलम थेट अधिक चिन्हाने जोडा, मध्ये स्पेसची स्ट्रिंग द्या. बस.

रिकाम्या जागा

अधिक चिन्हाने जोडताना एकाही कॉलममध्ये नॅन (रिकाम्या जागेची खूण) असेल तर त्या रोचं अख्खं उत्तर नॅन होतं. मधलं नाव भरलेलं नसलं की पूर्ण नावच गायब. यावर बरेच जण सगळीकडे फिलना (रिकाम्या जागा भरणारं फंक्शन) लावून रिकामी स्ट्रिंग भरतात. मग नाव आणि आडनावाच्या मध्ये दोन स्पेस राहतात, आणि पुढे त्याच नावावर जुळणी केली की ती फसते. त्यापेक्षा आधी फक्त मधल्या नावाच्या पुढे स्पेस जोडा आणि त्या जोडलेल्या निकालावर फिलना लावा. नाव नसेल तिथे स्पेससकट सगळं नॅन होतं आणि त्याजागी रिकामी स्ट्रिंग येते.

आकड्यांच्या कॉलममध्ये वेगळीच गडबड होते. एखादी जागा रिकामी असली की पूर्णांकांचा कॉलम सहसा फ्लोट (दशांश आकड्यांचा) होऊन बसतो, आणि स्ट्रिंगमध्ये बदलल्यावर 4021 चं ‘4021.0’ होतं. आधी कॅपिटल आय असलेल्या इंट64 प्रकारात (रिकाम्या जागा चालणाऱ्या पूर्णांकांत) न्या, मग स्ट्रिंग करा.

सेपरेटर नसलेली की

दोन कॉलम चिकटवून जुळणीसाठी ‘की’ (ज्यावरून रो जुळवायची ते मूल्य) बनवताना मध्ये काही घातलं नाही तर 12 आणि 3 ची की 123 होते, 1 आणि 23 चीही 123. वेगळ्या नोंदी एकच ठरतात. खरं तर अशी की बनवायची गरजच नाही, टेबलं जोडणाऱ्या मर्ज फंक्शनच्या ऑन या पर्यायात कॉलमांची यादी देता येते.

इंडेक्स

मला सगळ्यात धोकादायक वाटते ती ही चूक. लूप तुम्ही बहुधा क्रमाने चालवता, पहिली रो पहिलीशी. पांडाज मात्र इंडेक्सचं लेबल, म्हणजे प्रत्येक रोला दिलेली ओळख, पाहून जोडतं. एक टेबल फिल्टर केलेलं असेल तर उरलेल्या रोंची लेबलं जुनीच राहतात, आणि जोडलेल्या कॉलममध्ये मध्येच नॅन दिसू लागतात. कॉन्कॅटला ॲक्सिस 1 देऊन टेबलं शेजारी-शेजारी जोडली तरी तेच होतं. अशा वेळी घाईने रीसेट इंडेक्स मारू नका, म्हणजे लेबलं नव्याने देऊ नका. दोन्ही टेबलांचा क्रम खरोखर सारखा असेल तरच ते बरोबर आहे, नाहीतर नॅन जातील आणि त्याजागी एकाची माहिती दुसऱ्याला चिकटेल. क्रमाची खात्री नसेल तर कीवर मर्ज करा.

मर्जचे गुपचूप निर्णय

हाऊ हा पर्याय दिला नाही तर मर्ज इनर जॉइन करतं, म्हणजे जोडी न मिळालेल्या रो गळून जातात. हाऊमध्ये लेफ्ट द्या, म्हणजे डाव्या टेबलातल्या सगळ्या रो राहतात, आणि इंडिकेटर ट्रू ठेवा, प्रत्येक रो कुठून आली ते एका जादा कॉलममध्ये दिसतं.

डुप्लिकेटचं तर आवर्जून बघा. तुमच्या लूपमध्ये ब्रेक असेल तर तो पहिली जोडी घेऊन थांबत होता. मर्ज सगळ्या जोड्या देतं. एकच की एका टेबलात 3 वेळा आणि दुसऱ्यात 4 वेळा असेल तर 12 रो तयार होतात, आणि त्यावर केलेली बेरीज फुगते. मर्जच्या व्हॅलिडेट पर्यायात ‘मेनी टू वन’ असं सांगितलंत तर उजव्या टेबलात की दोनदा आल्याबरोबर एरर मिळते. पहिलीच जोडी हवी असेल तर आधी ड्रॉप डुप्लिकेट्स करा.

एसक्यूएलच्या (डेटाबेसच्या भाषेच्या) सवयीने येणाऱ्यांसाठी: तिथल्या जॉइनमध्ये नल, म्हणजे रिकामी जागा, नलशी जुळत नाही, पांडाजच्या मर्जमध्ये रिकाम्या की एकमेकींशी जुळतात. त्या आधीच वेगळ्या काढा. कीच्या मागेपुढे राहिलेल्या स्पेसही स्ट्रिपने काढून टाका.

जुना लूप लगेच पुसू नका

काहीशे रोंवर जुना आणि नवा कोड दोन्ही चालवा. निकाल दुहेरी बरोबर चिन्हाने तपासू नका, कारण नॅन नॅनच्या बरोबर धरला जात नाही. पांडाजच्या टेस्टिंग विभागातलं असर्ट फ्रेम इक्वल वापरा, ते एकाच जागी असलेले नॅन सारखे मानतं. ते रोंचा क्रम आणि कॉलमचा प्रकारही तपासतं, म्हणून आधी दोन्ही निकाल एकाच कीवर सॉर्ट करा आणि तिथे मात्र रीसेट इंडेक्स करा.