भाड्यासाठी अजून एक फ्लॅट घ्यायचा का? आधी कागद-पेन काढा

सध्या पुण्यात जो भेटतो तो हेच विचारतो, एक फ्लॅट भाड्याने दिलाय, आता वाकडला अजून एक बघतोय, घेऊ का थांबू, भाव पडतील का. भावाचं भविष्य सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय आणि सेल्स ऑफिसातला टाय लावलेला मुलगा तर तो नक्कीच नाही, त्यामुळे तो प्रश्न सोडा. विचारायचं एवढंच, की पाच वर्षं भाव फारसा हललाच नाही तर हे लोढणं मला झेपेल का?

हिशोब असा करा. समजा टूबीएचके ७० लाखांचा. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ४ लाख ९० हजार (बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी), रजिस्ट्रेशन ३० हजार, वर ट्रॉल्या, पंखे, गिझर, ग्रिल, म्हणजे ७७ लाखांवर गेलातच. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा, कंप्लीशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या रेडी फ्लॅटला तो नाही. आता भाडं २५ हजार धरा, पण बारा महिन्यांचं नका धरू, अकराच धरा, कारण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिना जातोच. झाले पावणेतीन लाख. त्यातून मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, रंग, प्लंबर काढा, हातात दोन लाख उरले तर नशीब. ७७ लाखांवर दोन लाख, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास! एफडी पण हसेल.

आता लोन. ५० लाख, ८ टक्के, २० वर्षं, ईएमआय साधारण ४१,८०० म्हणजे वर्षाला पाच लाख, भाड्यातले दोन गेले तरी तीन लाख दरवर्षी पगारातून जाणार. पाच वर्षांत पंधरा लाख, आणि सुरुवातीला घातलेले २७ लाख, असे तुमचे ४२ लाख अडकले, आणि बँकेचे अजून पावणेचव्वेचाळीस लाख बाकीच. म्हणजे फक्त स्वतःचे पैसे बिनव्याजी परत यायला तो फ्लॅट ८६ लाखांना जायला पाहिजे. (भाडं वाढतं हे मान्य, पण मेंटेनन्सही वाढतो म्हणून ते धरलं नाही.) त्यातही नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स, आता नवीन घेतलेल्या घराला इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरायची सवलत) नाही.

हेच गणित तुमच्या आकड्यांनी करा आणि मग दोनदा बिघडवून बघा. एकदा व्याज १ टक्क्याने वाढवून, ईएमआय ४५ हजारांच्या जवळ जातो. हे काही अशक्य नाही, रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) मे २०२० मध्ये ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा. दुसऱ्यांदा फ्लॅट सहा महिने रिकामा ठेवून. हसू नका, २०२० मध्ये आयटीवाली पोरं लॅपटॉप उचलून गावी गेली तेव्हा माझा फ्लॅट सात महिने कुलपात होता, ईएमआयला मात्र कुठलं वर्क फ्रॉम होम नव्हतं. सहा महिन्यांचा ईएमआय बाजूला पडलेला नसेल तर पुढचं वाचू पण नका.

टॅक्स वाचतो म्हणून घेणारे पण असतात. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत घरभाड्याचा तोटा (भाड्यापेक्षा व्याज जास्त गेलं तर तो फरक) वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या पद्धतीत तो पगारातून वजाच होत नाही, त्यामुळे आपण कुठल्या पद्धतीत आहोत ते सीएला विचारून घ्या. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहण्याची प्रॉपर्टी टॅक्समधली ४० टक्के सवलत भाड्याने दिल्यावर जाते, आणि सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतला जाणारा आकार) लावते, पण सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर लावता येत नाही, जास्त मागितले तर भांडा. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, ओळखीचा आहे म्हणून सोडू नका.

आधीच्या फ्लॅटवर लोन असेल तर माझं मत सरळ आहे, नवीन घेण्याआधी ते फेडा, तेवढं व्याज तर खात्रीने वाचतं. तरीही घ्यायचाच असेल तर अंडर कन्स्ट्रक्शनचं महारेरावर (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर) बघा, पझेशनची तारीख किती वेळा पुढे ढकललीये ते तिथे दिसतं. आणि रेडी असेल तर रात्री आठ वाजता जाऊन खाली उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा, वॉचमनला चहा पाजून विचारा. मी गेल्या वर्षी असाच एका ठिकाणी टोकनचा चेक खिशात घेऊन गेलो होतो, वॉचमन म्हणाला साहेब या एका विंगेत चौदा फ्लॅट भाड्यासाठी रिकामे आहेत, आणि टँकर रोज सहा. चेक तसाच घरी आणला, बायकोने फाडला.