निबंधाचा पेपर मराठीतून लिहिताय? या चुका टाळा

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाला २५० गुण आहेत. तीन तास, दोन विभाग, प्रत्येक विभागातून एक विषय निवडायचा आणि त्यावर हजार ते बाराशे शब्द लिहायचे. २०२५ पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आणि तिथेही २५० गुणांचा निबंध आला. इतकी वर्षं वस्तुनिष्ठ प्रश्नांची तयारी केलेली मुलं आता कोऱ्या पानासमोर बसतात. त्यांचे निबंध वाचताना मला त्याच त्या चुका दिसतात आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: समोरच्या विधानाशी भिडायचं टाळणं.

विषय धरला, विधान सोडलं

२०२३ च्या यूपीएससी पेपरात एक विषय होता. ज्या समाजात न्याय अधिक, त्या समाजाला दानाची गरज कमी, असा त्याचा आशय. यावर येणारा नेहमीचा निबंध कसा असतो? आधी न्यायाची व्याख्या, मग राज्यघटनेच्या उद्देशिकेतला सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय. पुढे दानाचं महत्त्व आणि कर्णाची गोष्ट. त्यानंतर सरकारी योजनांची रांग आणि शेवटी ‘न्याय आणि दान ही समाजरथाची दोन चाकं आहेत’. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही, पण विधानाला कुणी हातच लावलेला नाही. विधान सांगतंय की एक वाढलं की दुसऱ्याची गरज घटते. हे खरं आहे का? का घडतं? कुठे घडत नाही? निबंध या प्रश्नांचा असतो.

उपाय साधा आहे, पण मुलं तो करत नाहीत. उत्तरपत्रिकेत पहिला शब्द लिहिण्याआधी कच्च्या पानावर एक वाक्य लिहा, ‘मला असं म्हणायचं आहे की…’ असं सुरू होणारं. या विषयासाठी मी लिहीन: ‘जे हक्काने मिळायला हवं ते दयेने मिळतं, तेव्हा घेणाऱ्याची मान खाली जाते, न्याय ती वेळ येऊ देत नाही, पण आपत्तीत लागणारी माणुसकी न्याय असूनही लागतेच.’ या वाक्यात बाजू आहे आणि त्या बाजूची मर्यादाही आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर देशभरातून आलेली मदत या मर्यादेत बसते. पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्याला काहीतरी देतोय का, एवढंच तपासत जायचं. देत नसेल तर तो कितीही सुंदर असो, काढून टाका.

उदाहरण शोभेला लावणं

‘फुले, शाहू, आंबेडकरांनी न्यायासाठी मोठं कार्य केलं’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक निबंधात असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण याच माणसांच्या कामात या विषयाचा अख्खा युक्तिवाद दडलेला आहे.

जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या काळात केवढं मोठं धाडस ते! तरी हौद खाजगी होता. तो खुला राहणं मालकाच्या मनावर अवलंबून होतं आणि प्रत्येक गावात काही जोतीराव नव्हते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचं मान्य झालं. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचं जाहीर केलं, तरी अस्पृश्यांना तिथे पाणी भरू देत नव्हते. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले ते हक्क बजावायला. पुढे कोर्टकज्जा झाला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका घरच्या हौदापासून सार्वजनिक तळ्यापर्यंतचा हा प्रवास सात-आठ ओळींत मांडलात, तर दया कुठे संपते आणि हक्क कुठे सुरू होतो हे परीक्षकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं उदाहरण १९७२ च्या दुष्काळाचं. तेव्हा मदत म्हणून वाटलेलं खाणं, म्हणजे सुखडी, आजही जुनी माणसं आठवतात. त्याच काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ मध्ये कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला आणि काम मागणं हा ग्रामीण मजुराचा हक्क ठरला. सुखडीने जीव वाचले, हे निबंधात मान्यच करायचं. पण मजूर काम मागायला येतो तेव्हा तो उपकार मागत नसतो, हा फरक कायद्याने केला. अशी दोन उदाहरणं नीट उलगडा. दहा नावांची माळ ओवण्यापेक्षा त्यांना जास्त गुण मिळतील.

सगळे पैलू आलेच पाहिजेत, हा हट्ट

राजकीय, सामाजिक, आर्थिक, पर्यावरणीय, तांत्रिक, नैतिक अशी यादी क्लासमध्ये देतात. मुद्दे सुचण्यासाठी ती चांगली आहे. पण त्याच क्रमाने परिच्छेद पाडले की प्रत्येक विषयावर एकच निबंध तयार होतो. अभ्यासक्रमात यूपीएससीने स्वतःच म्हटलंय की विषयाला धरून राहा, विचार क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा. नेमक्या आणि परिणामकारक मांडणीला गुण आहेत. सगळे पैलू घ्या, असं तिथे कुठेही नाही.

पाठ केलेली सुरुवात, पाठ केलेला शेवट

संस्कृत श्लोक, तुकोबांचा अभंग, गांधीजींचं वाक्य… काहीही विषय आला तरी हेच. त्यातली बरीच वचनं खात्रीची नसतात. ‘जगात जो बदल हवा तो आधी स्वतः बना’ हे गांधीजींच्या नावावर फिरणारं वाक्य त्यांच्या लिखाणात या शब्दांत सापडत नाही. खात्री नसेल तर वचन घेऊच नका. शेवटही तसाच. विषय जंगलाचा असो की गणिताचा, शेवटच्या परिच्छेदात ‘विकसित भारत २०४७’ आणि ‘वसुधैव कुटुंबकम्’ येतंच. शेवटी तुमच्या त्या एका वाक्यापाशी या आणि निबंध लिहिताना ते किती बदललं, ते सांगा.

इंग्रजी नोट्स मराठीत उतरवणं

‘शिक्षण हे महिला सक्षमीकरणाचे एक महत्त्वपूर्ण साधन म्हणून भूमिका बजावते.’ अशी वाक्यं वाचून डोळे पुढे सरकतात, मनात काही उरत नाही. त्याऐवजी लिहा: ‘शिकलेली बाई सातबाऱ्यावर आपलं नाव आहे का, हे स्वतः वाचते.’ वाचन इंग्रजीतून करावं लागतं, ते ठीक. पण मुद्दा वाचून झाल्यावर पुस्तक मिटा आणि आईला सांगाल तसा मोठ्याने सांगा. तोंडातून निघेल ते मराठी वाक्य वहीत उतरवा. प्रमाणभाषा सांभाळायला नंतर वेळ आहे. यूपीएससीचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच छापलेला असतो, म्हणून विधान दोन्ही भाषांत वाचून पक्कं समजून घ्या.

निबंध अडतोय कुठे?

सहाशे शब्दांतच संपत असेल तर तुम्ही फक्त बाजूने लिहिताय. तुमच्या मताला विरोध करणारा हुशार माणूस काय म्हणेल, हे प्रामाणिकपणे लिहा आणि त्याला उत्तर द्या. त्यातून दोन-तीन परिच्छेद येतात. बाराशेच्या पुढे जात असाल तर बहुतेक वेळा पहिला मुद्दाच वेगळ्या शब्दांत पुन्हा आलेला असतो. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत तेवढाच मजकूर बसतो. हजारावर थांबलात तरी बिघडत नाही.

दुसरा निबंध अर्धवट राहतो ही सर्वांत महागात पडणारी चूक. दोन्हींना सारखेच, प्रत्येकी १२५ गुण आहेत. दीड तासातली पहिली वीस मिनिटं विचाराला आणि कच्च्या आराखड्याला द्या, पासष्ट मिनिटं लिहा, पाच मिनिटं वाचा. अकराशे शब्दांसाठी मिनिटाला साधारण सतरा शब्द पडतात. हा वेग हाताला आहे का, हे घरी घड्याळ लावून बघा. दीड तास झाला की पहिला निबंध असेल तिथे दोन ओळींत आटोपून पान उलटा.