चार गावं, एक पार्टटाइम पाळक: शोधायचा कसा

आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, पाहिजे म्हणलं की मंडळीची कमिटी काय करते, व्हाट्सअप ग्रुपवर मेसेज टाकते, "आमच्या मंडळीसाठी पाळक पाहिजे, इच्छुकांनी संपर्क साधावा", आणि मंग दोन दिवसांत वीस फोन येतात, त्यातल्या अठरा जणांना आपण काय सांगायचं तेच ठरलेलं नसतं. आमचं तसंच झालं होतं. अंबड-घनसावंगी बाजूची आमची चार गावं, एकात ३८ घरं, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात १४ आणि शेवटच्यात ९, मिळून ८३. पूर्णवेळ पाळकाचा पगार एवढ्या घरांना झेपत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मीटिंगमधे बोलायला कोणी तयार नव्हतं.

तर कालनिर्णय. शाळेच्या पोराचे दोन पेन घ्या, लाल आणि निळा. दीक्षित, म्हणजे चर्चची रीतसर दीक्षा झालेल्या, पाळकाशिवाय जे होऊच शकत नाही तिथं लाल टिंब, बाकी सगळीकडं निळा. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) लाल, बाप्तिस्मा लाल, लग्न लाल. नुसती रविवारची उपासना, भजन, बायबल वाचन, संडेस्कूल, महिला मंडळ, घरप्रार्थना, आजाऱ्याची भेट हे सगळं निळं, कारण हे तुमच्यातला कोणीही तयारी केलेला माणूस करू शकतो. आम्ही मोजलं तर वर्षाचे ५२ रविवार गुणिले ४ गावं म्हणजे २०८ उपासना, आणि प्रत्येक गावाला महिन्यातून एकदा प्रभुभोजन धरलं तर लाल टिंबं फक्त ४८, वरून सणावाराची आणि लग्नाबाप्तिस्म्याची थोडी. आमच्या कमिटीतले एक आजोबा चष्मा वर करून म्हणले, "म्हणजे एवढे दिवस आपण पाळकसाहेबांकडून आपलंच काम करून घेत होतो का?" तेव्हा सगळे हसले, पण खरं ते हेच होतं.

पार्टटाइम म्हणजे नवीन काही फॅड नाही बरं का. मराठवाड्यात मिशनच्या काळापासून खेडी मास्तरांनीच सांभाळली, आठवडाभर शाळा घ्यायची आणि रविवारी उपासना, मिशनरी साहेब घोड्यावरून किंवा बैलगाडीतून कधीतरी यायचे. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं त्या काळात काय गावोगाव पूर्णवेळ दीक्षित पाळक होते का. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण "पार्टटाइम म्हणजे अर्धा पाळक" असं म्हणणारे दोघेतिघे तुमच्याकडंही असणारच.

आता वेळापत्रक. आमचं असं बसलं. पहिल्या रविवारी मोठं गाव सकाळी साडेआठला आणि १४ घरांचं गाव अकराला, तिसऱ्या रविवारी २२ घरांचं आणि ९ घरांचं, तीच वेळ. दुसरा आणि चौथा रविवार गावातलेच लोक चालवतात. ज्या महिन्यात पाचवा रविवार येतो तेव्हा चारी गावं एकत्र, जेवण सगळ्यांचं मिळून. शिवाय महिन्यातून दोन संध्याकाळी भेटी. म्हणजे माणसाला महिन्यातून चार फेऱ्या, बाकी दिवस त्याचे स्वतःचे. हे कागदावर आलं की मंग जाहिरात लिहा, आणि जाहिरातीत हेच लिहा. आम्ही टाकलेली अशी होती: "चार गावांच्या मंडळ्यांसाठी पार्टटाइम पाळक पाहिजे. महिन्यातून दोन रविवार, प्रत्येकी दोन गावं, आणि दोन संध्याकाळी भेटी. प्रेस्बिटर दीक्षा झालेली असावी. बाई असो की माणूस चालेल. टू-व्हीलर चालवता येणं गरजेचं. मानधन आणि पेट्रोल वेगळं. पहिला कार्यकाळ एक वर्ष." एवढंच. (प्रेस्बिटर म्हणजे पूर्ण दीक्षा झालेला पाळक.) फोन आले पाच, पण पाचही कामाचे.

"बाई चालेल" या ओळीवरून आमच्याकडं दोन मीटिंगा गेल्या. सीएनआयमधे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) बायकांना दीक्षा मिळते, दक्षिणेत सीएसआयमधे (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ साली बाई बिशप झाल्या, आणि खेड्यात रविवारी चर्चला बसलेलं कोण असतंय ते बघा जरा, तीन भाग बाया आणि एक भाग आम्ही.

शोधायचं कुठं? रिटायर झालेले पाळक हा पहिला पर्याय, जिल्ह्याच्या गावाला घर बांधून बसलेले असतात आणि बरेच जण घरी बसून कंटाळलेले असतात, फक्त तब्येत आणि गाडीचं विचारा. दुसरा, नोकरी करणारे दीक्षित लोक, शाळेत किंवा हॉस्पिटलमधे असलेले, ऑनररी म्हणजे बिनपगारी सेवा करणारे. तिसरा म्हणजे पाळकीण, नवरा एका पास्टोरेटला (पाळकाकडं सोपवलेल्या मंडळीला) आणि बायको पण दीक्षित, अशी जोडी असते. आणि चौथा, मला सगळ्यात आवडलेला पण सगळ्यात वेळ खाणारा, तुमच्याच गावातला हुशार माणूस शिकवून तयार करा. सेरामपूरचे (तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेचे) घरी बसून करायचे कोर्स आहेत, पूर्णवेळ शिकायचं तर पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती १९८३ पर्यंत यवतमाळला होती. पण यात चार-पाच वर्ष जातात आणि कोर्स झाला म्हणजे दीक्षा झाली असं नाही, ती बिशपांच्या हातात. डीकन (दीक्षेची पहिली पायरी) झाला तरी प्रभुभोजन त्याला चालवता येत नाही, त्याला प्रेस्बिटरच लागतो. हे लोकांना माहीत नसतं आणि मंग ऐन उपासनेत घोळ होतो.

सगळ्यात महत्त्वाचं, हे तुमचं तुम्ही परस्पर करू नका. १९७० मधे २९ नोव्हेंबरला नागपूरला सहा चर्चं मिळून सीएनआय झाली, त्यातल्या मंडळ्यांना पाळक नेमायचा तर बिशपांच्या मंजुरीनंच. आधी कमिटीचा ठराव, सह्या, मंग डायसिस (बिशपांचा प्रांत) ऑफिसला अर्ज, आणि माणूस सापडला तरी नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय गावात घोषणा करायची नाही. लातूर-उदगीर-नांदेडकडचे मेथोडिस्ट त्या युनियनमधे आले नव्हते, त्यांच्यात नेमणुका बिशप रिजनल कॉन्फरन्सला वाचून दाखवतात, तेव्हा त्या लोकांनी आपल्या डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटना आधी गाठावं. कॅथलिक भावांना हे सगळं लागूच नाही, फादर बिशपच पाठवतात.

कागद बघताना लाजू नका. स्वतःच्या नावापुढं रेव्हरंड लावलेले लई झालेत. दीक्षेचं सर्टिफिकेट मूळ बघा, दीक्षा देणाऱ्या डायसिसला फोन करा, आणि आधीच्या मंडळीतल्या दोन माणसांशी बोला, एक त्यांनी सांगितलेला आणि एक तुम्ही स्वतः शोधलेला. दुसराच खरं सांगतो. लहान लेकरांशी, तरुण पोरींशी वागणूक कशी आहे ते सरळ विचारा, आडून नको. आणि लग्नाचं तर कायद्याचंच काम आहे: भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ प्रमाणे ज्याला अधिकार नाही त्यानं लग्न लावलं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बिशपांकडून रीतसर दीक्षा झालेल्या पाळकाला तो अधिकार असतो, पण स्वतंत्र मंडळीवाल्याकडं सरकारी लायसन लागतं. वेळ पण ठरलेली, सकाळी ६ ते संध्याकाळी ७, खास परवाना नसेल तर. आमच्याकडं वऱ्हाड नेहमी उशिरा येतं, तेव्हा येणाऱ्या पाळकानं घड्याळ बघून "आता नाही, उद्या" म्हणायची धमक दाखवली पाहिजे.

मुलाखत खोलीत घेऊ नका, माणसाला गाडीवर फिरवा. आम्ही पहिल्या उमेदवाराला मे महिन्यात बोलावलं, सकाळी एक गाव आणि अकराला दुसरं, जसं खरं वेळापत्रक आहे तसंच. शिकलेला माणूस, आवाज सुंदर, पण पहिल्या गावात उपदेशच पन्नास मिनिटं झाला. दुसऱ्या गावात पत्र्याखाली बाया पदरानं वारा घेत बसल्या होत्या, सव्वाबारापर्यंत थांबल्या आणि मंग एक-एक करून उठल्या, कारण नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतंय आणि त्या दिवशी आलं होतं. पाळकसाहेब पोचले तेव्हा समोर दोन म्हातारे आणि पेटीवाला. त्यांना राग आला लोकांचा. आम्हाला तिथंच उत्तर मिळालं. दुसऱ्या उमेदवार बाई होत्या, त्यांनी फोनवरच विचारलं "तुमच्याकडं पाणी कोणत्या दिवशी येतं?" आणि वीस मिनिटांत उपदेश आटोपला. त्या दिवशी लाइट नव्हती, पेटीचा भाता फाटलेला, तरी त्यांनी ना. वा. टिळकांचं भजन नुसत्या टाळावर उचललं आणि म्हाताऱ्यांनी पाठीमागून धरलं. ही परीक्षा नक्की घ्या, आपल्याकडं भजन येत नसेल तर उपदेश कितीही भारी असो, माणूस टिकत नाही.

एक नाजूक गोष्ट, भावकी. निवडणाऱ्या कमिटीत चारही गावांचे सारखे लोक घ्या, प्रत्येकी दोन, मोठ्या गावाला जास्त नाही. नाहीतर ३८ घरांचं गाव आपला पाहुणाच आणून बसवतं आणि ९ घरांचं गाव दोन महिन्यांत पत्ते बदलतं, म्हणजे दुसऱ्या मंडळीत जातं.

पैशाचं बोलू. आम्ही घरामागं १०० रुपये धरले, ८३ घरं म्हणजे ८,३०० महिना. मानधन ६,००० ठरवलं. आम्ही निवडलेल्या त्या दुसऱ्या उमेदवार बाईंचं घर जिल्ह्याच्या गावाला, एक फेरी साधारण ७० किलोमीटर, चार फेऱ्या २८०, गाडीला ५० चं अॅव्हरेज धरलं तर साडेपाच-सहा लिटर पेट्रोल आणि १०५ च्या भावानं ५९० रुपये. पंक्चर-ऑइल धरून १,००० द्या, घासाघीस करू नका. उरलेले १,३०० त्यांच्या सुट्टीत बदली पाळक बोलवायला बाजूला. कागदावर छान दिसतंय, पण महिन्याला १०० रुपये आमच्या लोकांकडं नसतातच, पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर आणि कापूस गेल्यावर. शिवाय दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, कोयत्याची उचल घेऊन, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत. त्यांच्याकडून नाताळात वर्गणी मागणं म्हणजे कुलपाला मागणं. म्हणून आम्ही सहा महिन्यांचं मानधन हंगामाच्या सणालाच जमा करतो. अर्पणात आलेल्या धान्याचा, कोंबड्यांचा, भाजीचा लिलाव होतो, त्या दिवशी माणसाचं मन मोठं असतं. मागच्या वेळी एक डांगर चाळीस रुपयांचं, तीन जणांच्या चढाओढीत अकराशेला गेलं, आणि ज्यानं घेतलं त्यानं ते परत अर्पणात ठेवलं, पुन्हा लिलाव झाला. पैसे बँकेत, देणं चेकनं किंवा फोनवरून, पावती प्रत्येकाची. आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा २० रुपयांचा हप्ता मंडळीनं भरावा, २ लाखांचा अपघात विमा आहे, ७० वयापर्यंत. गाडीवर फिरणाऱ्या माणसासाठी एवढं तरी करा.

आता जिथं आमचं पहिल्यांदा फसलं होतं ते. याच्या आधी एक पार्टटाइम पाळक होते आमच्याकडं, भला माणूस, शाळेत नोकरी. कागद काहीच केला नाही, "साहेब, जमेल तसं या" एवढंच. झालं काय की कोणाची म्हैस आजारी पडली तरी रात्री अकराला फोन, भांडण झालं तरी फोन, वाढदिवसाला प्रार्थनेला या म्हणून फोन, आणि नाही आले की "पाळकसाहेबांना आमचं गाव दिसत नाही". सात महिन्यांत त्यांनी हात जोडले. चूक आमचीच होती. म्हणून आता कागदावर लिहिलंय की रात्री आठनंतर फोन फक्त मरणाचा किंवा मरणाच्या दारातल्या माणसाचा.

मरणाचं वेगळं सांगतो, कारण ते वेळापत्रकात बसत नाही. आपल्याकडं माती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि पाळक शाळेत पेपर तपासत असतो. प्रत्येक गावात दोन माणसं तयार ठेवा ज्यांना दफनविधीची उपासना वाचता येते, पुस्तक त्यांच्याच घरी राहू द्या, चर्चच्या कपाटात कुलूपबंद नको. बाई आल्या तर उत्तमच, नाही आल्या तर कबरीवर कोणी ताटकळत उभं राहायचं नाही. सात-आठ दिवसांनी त्या घरी येऊन प्रार्थना करतात, आणि खरं सांगू, घरच्यांना ती भेट जास्त आठवते.

उत्तम शुक्रवारचं असंच. चार गावात एकाच दुपारी बारा ते तीन, पाळक एक. आम्ही येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाटून दिले, प्रत्येक गावात सात माणसं, प्रत्येकाला एक उद्गार, दहा-बारा मिनिटं. बाईंनी फेब्रुवारीतच सगळ्यांना एकत्र बसवून शिकवलं. त्या स्वतः यावर्षी ९ घरांच्या गावात बसल्या, मोठं गाव रुसलं, पण पुढच्या वर्षी त्यांचा नंबर, हे पण लिहून ठेवलंय.

पहिल्या दिवशी त्यांच्या हातात काय द्यायचं: बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं, चारी गावांच्या घरांची यादी गल्लीसकट, कोण ऊसतोडीला कधी जातं, कोण अंथरुणाला खिळलंय, प्रभुभोजनाचा प्याला-ताटली कोणाच्या घरी असते, आणि चाव्या. आमच्या एका चर्चची चावी किराणा दुकानात असते आणि दुकानदार गुरुवारी बाजाराला जातो. म्हणून भेटीची संध्याकाळ गुरुवारी ठेवायची नाही.