उशिरा येणारा आवाज ऐकून तोतरेपणावर सराव

बोलताना आपण आपलाच आवाज ऐकत असतो आणि त्यावर मेंदू पुढच्या अक्षराची वेळ साधतो. तोतरेपणात ही सांगड डळमळते. अडखळताना काढलेल्या मेंदूच्या चित्रणांत श्रवणभाग मंदावलेला आणि उजवीकडचे हालचालीचे भाग जास्त राबताना दिसतात. कानावर पडणारं बदललं की बोलणंही बदलतं. म्हणूनच इतरांबरोबर एका सुरात प्रार्थना म्हणताना बहुतेकांना अडखळायला होत नाही. डीएएफ (डिलेड ऑडिटरी फीडबॅक) अ‍ॅप स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकवून असाच बदल घडवतं.

इअरफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथ स्वतःहूनच शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर करतो, मग पडद्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आधी अ‍ॅपशिवाय वर्तमानपत्रातली २०० अक्षरं वाचून रेकॉर्ड करा. अडखळलेली अक्षरं मोजा. १४ असतील तर ७ टक्के. आता उशीर ७५ मिलिसेकंदांवर ठेवून तोच उतारा वाचा, स्वर लांबवत: 'कोऽऽल्हाऽपूर'. आवाजाशी शर्यत लावू नका, तो मागून येऊ द्या. फरक पडला नाही तर २५ने वाढवा. २०० च्या आसपास न तोतरणारेही अडखळू लागतात (संशोधक बर्नार्ड ली यांनी १९५० मध्येच हे नोंदवलं), त्यामुळे तिथे एकट्याने जाऊ नका.

आवाज फार मोठा ठेवला की माणूस नकळत ओरडून बोलतो आणि गळा आवळला जातो. खोलीतल्या माणसाचं बोलणं ऐकू येईल इतकाच ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मुक्या अडथळ्यात. कंडक्टरसमोर 'कोल्हापूर'चा 'क' घशातच अडकला, तर आवाजच नाही. अ‍ॅप उशिरा ऐकवणार काय? तिथे जोर लावू नका. थोडा श्वास आधी सोडा, जीभ मागे अलगद टेकवा आणि 'को' हळू सुरू करा. हे वेगळं घोटून घ्यावंच लागतं.

वाचन सुरळीत झालं की उशीर २५-२५ने उतरवा, मग एकाच कानात इअरफोन, मग फोनवरचं बोलणं. वाचनापेक्षा गप्पांत फायदा कमी मिळतो आणि काहींना मुळीच मिळत नाही. श्रवणभागांची डावी-उजवी ठेवण नेहमीपेक्षा वेगळी असलेल्यांना तो जास्त होतो, असं २००४ च्या एका अभ्यासात दिसलं.

लहान मुलांवर हे अ‍ॅप वापरू नका. त्यांना थेट स्पीच थेरपिस्टकडे न्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत अशी तपासणी होते.