बिनसावलीचे दोन दिवस: गच्चीवर उन्हाचा हिशेब कसा मांडायचा

धंद्याच्या तिसऱ्या वर्षी मी एक घोळ घातला. जुळे सोलापुरातली गच्ची, मे महिना, दुपारचे साडेबारा. कट्ट्यावर पाण्याची मोठी काळी टाकी होती, पण तिची सावली कुठे पडतच नव्हती. टाकीच्या उत्तरेला मोकळी जागा बघून मी तिथे नळ्यांचा सोलर हीटर बसवला, पैसे घेतले, चहा पिऊन आलो. डिसेंबरात त्या घरातल्या काकूंचा फोन आला. "अहो, पाणी कोमट पण होईना की ओ!" जाऊन बघतो तर टाकीची सावली अर्ध्या नळ्यांवर लोळत पडलेली. पदरची मजुरी देऊन सगळं उचललं आणि दुसऱ्या कोपऱ्यात बसवून दिलं.

तेव्हापासून माझ्या स्वतःच्या गच्चीवर वर्षभर एक पाइप उभा असतो. त्या पाइपाशेजारी एकेक वस्तू वाढत गेली आणि शेवटी एक वही झाली. ऊन या पृथ्वीवरची हवा, पाऊस, पीकपाणी कसं चालवतं हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने पुस्तक नंतर उघडावं, आधी ही वही सुरू करावी. खर्च हजार-दीड हजाराचा, त्यातलाही बराचसा टेम्परेचर गनचा, म्हणजे लांबूनच वस्तूचं तापमान दाखवणाऱ्या यंत्राचा.

आधी पाइप. अर्ध्या इंचाचा सरळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, खाली पातळ लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या. फरशीपासून टोक बरोबर १ मीटरवर आलं पाहिजे. काँक्रीट भरलेल्या रंगाच्या डब्यात तो उभा करू नका. जूनमधली सावली इतकी आखूड असते की ती डब्यातच राहते. मी ते करून बसलोय. ओळंबा दोन बाजूंनी लावा. गच्चीला पाणी वाहून जायला ढाळ असतो, म्हणून खाली कडप्प्याचा तुकडा ठेवून पाणसळीने सपाट करा. सावलीच्या टोकाची खूण ऑइल पेंटने करा. खडूच्या माझ्या सगळ्या खुणा पहिल्याच वळवात धुऊन गेल्या होत्या.

खूण करायची ती मध्यान्हीला, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. घड्याळातले बारा म्हणजे सोलापूरचा मध्यान्ह नव्हे. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर, म्हणजे पार प्रयागराजच्या बाजूला. सोलापूर शहात्तरच्या थोडं अलीकडे. सूर्य तिथून आपल्या डोक्यावर यायला साधारण २६ मिनिटं लागतात. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे वर्षभरात ही वेळ पुढेमागे सरकते. फेब्रुवारीच्या मध्याला आपला मध्यान्ह १२:४० च्या सुमारास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० लाच. एवढं लक्षात ठेवायचं नसेल तर सोपं आहे: बारा वाजल्यापासून पाच-पाच मिनिटांनी ठिपके द्या, सगळ्यात आखूड सावलीचा ठिपका तो मध्यान्ह.

आता वर्षभर काय दिसेल ते सांगतो, म्हणजे तुमचं माप बरोबर आहे का ते ताडून बघता येईल. २२ डिसेंबरला सावली उत्तरेला सुमारे ८७ सेंटीमीटर. २१ मार्चला ३२. मग ती आखडत जाते आणि १०-११ मेच्या सुमारास पाइपाच्या बुडात शिरते. त्यानंतर गंमत. सावली दुसऱ्या बाजूने, दक्षिणेला बाहेर पडते. २१ जूनला ती दक्षिणेला १० सेंटीमीटर असते आणि मग परत फिरते. ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पुन्हा एकदा सावली गायब. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या जरा वर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. टाकीचा माझा घोळ तो हाच: मी बिनसावलीच्या दिवसांत माप घेतलं होतं.

(गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेत उत्तरायण सुरू झालं म्हणतात, पण पाइप सांगतो की सूर्य तीन आठवडे आधीच, २२ डिसेंबरला फिरलेला असतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची, त्यामुळे संक्रांत हळूहळू पुढे सरकत गेली. हे सांगितल्यावर आमच्या आईने मला तिळगूळ द्यायचा थांबवला नाही, एवढं बरं.)

आता खरा प्रश्न. मेच्या आणि ऑगस्टच्या बिनसावलीच्या दिवशी सूर्य तेवढाच उंच, दिवसही तेवढाच मोठा. पण मेमध्ये पारा ४१-४२ वर आणि ऑगस्टमध्ये ३१-३२ वर. दहा अंश गेले कुठे? सूर्य लांब गेला म्हणावं तर तेही नाही. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि तेव्हा आपण स्वेटर घालून सिद्धेश्वराला जातो. सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाखांवर. तेव्हा हे दहा अंश अंतरात शोधून सापडत नाहीत. ते गच्चीवरच शोधायचे.

त्यासाठी टेम्परेचर गन. एसीवाले मेकॅनिक वापरतात ती. कोविडमध्ये कपाळाला लावायचे ती नको. ती तापाच्या आकड्यापलीकडे काही दाखवत नाही. मेमध्ये दुपारी अडीचला गच्चीवर जा, पायात चप्पल ठेवा, आणि एकेका वस्तूवर धरा. माझ्या वहीतली एक नोंद देतो: डांबरी शीट ६६, चुना मारलेली गच्ची ४५, गच्चीवर वाकलेल्या कडुलिंबाची पानं ३८, ओलं पोतं २९. ऊन सगळ्यांवर सारखंच, चौरस मीटरला साधारण हजार वॉट, म्हणजे एक इस्त्री चालेल एवढं. फरक पडला तो त्या उन्हाचं पुढे काय झालं यात. चुन्याने बरंच परत पाठवलं, डांबराने जवळपास सगळं गिळलं, पोत्याने ते पाणी उडवण्यात खर्च केलं.

एक सावधगिरी. चकचकीत पत्र्यावर गन धरलीत तर ती खोटं बोलेल. पत्रा आरशासारखा असतो, गनला त्यात आकाश दिसतं आणि आकडा भलताच कमी येतो. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दहा मिनिटं थांबा, टेपवर मोजा. आणि सूर्यावर गन रोखू नका, बिघडते.

ओल्या पोत्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. म्हणून पुढची वस्तू म्हणजे पाण्याचा डबा. सरळ उभ्या भिंतींचा, रुंद तोंडाचा स्टीलचा डबा घ्या, घमेलं नको, त्याच्या उतरत्या कडेमुळे माप फसतं. डबा वाळूत गळ्यापर्यंत पुरा, नाहीतर बाजूने तापून जास्त पाणी उडतं. वर जाळी टाका. मेमध्ये कावळे, साळुंक्या, माकडं सगळ्यांना तेच पाणी दिसतं. रोज सकाळी सातला फूटपट्टी बुडवा आणि किती मिलिमीटर उतरलं ते लिहा. मेमध्ये माझ्याकडे दिवसाला १२-१३ मिलिमीटर जातात, ऑगस्टमध्ये ४-५.

इथे मी एकदा चक्रावलो होतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला वीजबिलाच्या भाषेत सुमारे पाऊण युनिटच्या थोडी खाली उष्णता लागते. चौरस मीटरवर १२ मिलिमीटर म्हणजे १२ लिटर, म्हणजे आठ युनिट. पण आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं की मेमध्ये सोलापूरला दिवसभराचं ऊन चौरस मीटरला सात युनिटच्या आसपास पडतं. जमेपेक्षा खर्च जास्त कसा? उत्तर वाऱ्यात होतं. भोवतालच्या रखरखीत माळावरून येणारी कोरडी गरम हवा आपली उष्णताही त्या डब्यात टाकत होती. डबा एकटा, तहानलेला वारा चारी बाजूंनी. कूलर मेमध्ये गारेगार करतो आणि जूनमध्ये पाऊस टेकला की नुसता चिकट वारा फेकतो, त्याचं कारण हेच: हवेत आधीच वाफ भरली की पाणी उडायला जागा राहत नाही.

तर मेमध्ये काळ्या जमिनीत पाणीच नसतं. भेगा पडलेल्या असतात, हात जाईल एवढ्या. आलेलं ऊन खर्चायला दुसरी वाट नाही म्हणून ते जमीन आणि हवा तापवण्यातच जातं. ऑगस्टमध्ये जमीन ओली, रानात पीक उभं. उन्हाचा मोठा वाटा वाफेत जातो. दहा अंशांतले काही इथे सापडले.

बाकीचे वर आहेत. ढगाचा पांढरा माथा चुन्याच्या गच्चीसारखाच ऊन परत फेकतो. सगळी पृथ्वी मिळून आलेल्या उन्हाचा सुमारे ३० टक्के भाग असा परत जातो, त्यात ढगांचा वाटा मोठा. आणि हे ढग कुठले? तेही उन्हाचंच काम. समुद्राच्या मोठ्या डब्यातून वाफ उडते, तापलेल्या भारतीय भूमीवर हवेचा दाब उतरतो, विषुववृत्तापलीकडून निघालेले वारे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळून नैर्ऋत्येकडून येतात. वाफेत साठवलेली उष्णता ढग होताना मोकळी होते आणि हवेला आणखी वर रेटते. सह्याद्रीवर चढताना बहुतेक पाणी सांडतं. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि घाट उतरून आपल्यापर्यंत येता येता साडेपाचशे-सहाशे. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात. म्हणून आपल्याकडे जुलैत आभाळ भरलेलं आणि रस्ता कोरडा. आपला खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्ताचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ साली ढगात बीजारोपणाचे प्रयोग सोलापूरवर केले, ते उगाच नाही.

आता गन घेऊन रात्री गच्चीवर जा आणि सरळ वर, आकाशावर धरा. हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. जानेवारीच्या कोरड्या निरभ्र रात्री आकडा उणे १५ च्याही खाली जातो. ऑगस्टच्या ढगाळ रात्री अधिक १६-१७. जमीन रात्रभर डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण वर सोडत असते. ढग आणि वाफ ते शोषून अर्धेमुर्धे खाली परत देतात. म्हणून ढगाळ रात्र उबदार आणि निरभ्र रात्र कुडकुडवणारी. एवढं मात्र समजून घ्या की ही गन मुद्दाम अशा पट्ट्यात बघते जिथे कोरडी हवा जवळपास पारदर्शक असते. कार्बन डायऑक्साइड अडवतो तो पट्टा तिला दिसत नाही. तेव्हा गनवर बघून "कार्बन काही करत नाही" असा निष्कर्ष काढणाऱ्या शेजाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

व्हिनेगर-सोड्याच्या बाटलीचा प्रयोग इंटरनेटवर फिरतो, तोही मी करून पाहिला. दर वेळी वेगळं उत्तर. बाटलीतल्या हवेच्या हालचालीचाच त्यात जास्त गोंधळ. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी मात्र १८५६ साली काचेच्या नळकांड्यांत वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यात जास्त तापल्याचं नोंदवलं. सोलापुरात राहून चादरीची उपमा दिली नाही तर लोक नावं ठेवतील, म्हणून देतो: चादर ऊब तयार करत नाही, अंगातली धरून ठेवते. हवेची चादर नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ च्या आसपास असतं; आहे ते अधिक १५ च्या आसपास. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. चादरीची वीण घट्ट होत चाललीय.

वहीचा शेवटचा रकाना झाडांचा ठेवा, आणि त्यात आळस करू नका. कडुलिंबाला नवी पालवी कधी फुटली, बहावा कधी फुलला, नान्नजच्या माळावरचं गवत कधी पिवळं पडलं. कडुलिंब ऐन मार्च-एप्रिलमध्ये पालवतो, कारण मुळं खोल. पानातून पाणी उडवत तो स्वतःला ३८ वर ठेवतो आणि खाली आपल्याला बसायला जागा देतो. ज्वारीची तऱ्हा वेगळी. तिच्या पानात कार्बन डायऑक्साइड ओढून साठवायची खास सोय असते, त्यामुळे पानाची छिद्रं फार न उघडता तिचं भागतं आणि पाणी वाचतं. सप्टेंबरच्या पावसाची ओल काळ्या मातीने धरून ठेवायची आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीने ती थंडीभर पुरवायची, हा या उन्हाशी जमलेला जुना व्यवहार. ऊसही याच घराण्यातला, तीच सोय त्याच्याही पानात, पण तो शेतात वर्षभर उभा राहून उजनीचं पाणी पितो. त्याला ज्वारीच्या पंगतीत बसवायला माझा जीव होत नाही. एवढं करूनही पीक उन्हातलं शेकडा एक-दोन टक्केच पकडतं. तेवढ्यावर भाकरी होते.

माझ्या वहीत एक रकाना मात्र जवळजवळ कोराच आहे. मेचा बिनसावलीचा दिवस दर वर्षी लख्ख दिसतो. ऑगस्टचा गेल्या नऊ वर्षांत फक्त दोनदा दिसला. बाकी सात वर्षं १२:३३ ला मी पाइपापाशी उभा होतो, वर ढग होते, आणि पुढे मी फक्त "सावली नाही, कारण वेगळं" एवढंच लिहिलंय.